एका घराची दोन घरं

त्यांचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, पण ज्या घरांत त्या जात तिथं ते कुणी कधी वाचलं नाही. सगळीकडे त्या नमुनेबाईच. हे नाव त्यांना दिलं एका फरशी बसवणाऱ्याने. पहिल्या फेरीत बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि शिकवलेलं वाक्य धडधडत्या छातीने म्हणाल्या, "देशभरातल्या कुटुंबांची पाहणी चालू आहे. त्यासाठी तुमचं घर नमुना म्हणून निवडलं गेलंय."

फरशीवाला मागे वळून ओरडला, "आई, ऐकलंस का? आपल्या घरात नमुने राहतात हे सरकारला कळलं!"

आतून म्हातारीचा आवाज आला, "मग सांग त्यांना, सगळ्यात मोठा नमुना दारातच उभा आहे."

बाईंना हसू आलं, आणि हसण्यात अर्धी भीती गेली. त्याआधी त्या हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती, आणि त्या वयात नवं काम शिकायचं म्हणजे वाकलेल्या खिळ्यावर हातोडा मारण्यासारखं. नवरा बस डेपोत मेकॅनिक, जिभेला कायम तेल घातलेलं. तो म्हणाला, "जा, लोकांच्या घरात किती माणसं जेवतात ते विचारत फीर. आपल्या घरातला एक उपाशी आहे तेवढं मात्र लिहून ठेव."

प्रशिक्षण एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. शिकवायला मुख्य कार्यालयातल्या मॅडम आल्या होत्या; बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण माहीत आहे ना? मग शीत कुठून काढता? वरून काढलं तर कच्चं लागेल, बुडातून काढलं तर करपलेलं. म्हणून आपण आपल्या मर्जीने हात घालायचाच नाही. आधी वस्त्या निवडायच्या, गरिबांच्या, श्रीमंतांच्या, मधल्या, सगळ्या. मग त्या वस्तीतली घरं चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी काढायची. निघालं ते घर आपलं. दारात कुत्रं आहे म्हणून शेजारच्या घरात जायचं नाही. ते एक घर त्याच्यासारख्या हजारो घरांच्या वतीने बोलतंय. ते गप्प बसलं की ती सगळी गप्प बसतात."

कुणीतरी विचारलं, दरवर्षी तीच घरं कशाला? नवी घेतली तर काय बिघडलं?

"नवी घेतली तर एवढंच कळेल, की गेल्या वर्षी शंभरातल्या दहांना काम नव्हतं आणि यंदाही दहांनाच नाही. पण हे दहा तेच का? का ते सावरले आणि दुसरे दहा पडले? हे फक्त तेच दार पुन्हा ठोठावलं तरच समजतं."

मग मॅडमनी घर कशाला म्हणायचं ते सांगितलं. ज्यांची चूल एक, ते एक घर. चूल वेगळी झाली की घरं दोन, आणि आपण दोन्हीकडे जायचं. यादीतलं माणूस जिथं जाईल तिथं आपण त्याच्या मागे. आणि शेवटचं सांगताना त्यांचा आवाज आणखी हळू झाला. "या घरातलं त्या घरात जाणार नाही. तुमच्या स्वतःच्या घरीही नाही. सल्ला द्यायचा नाही, निरोप न्यायचा नाही, कुणाच्या भांडणात साक्ष द्यायची नाही. लोक दार उघडतात ते एवढ्याच भरवशावर."

बाईंना तेव्हा वाटलं, यात काय अवघड आहे? तोंड बंद ठेवायचं, झालं.

फरशीवाल्याचं घर त्यांचं आवडतं होऊन बसलं. कामावर उरलेल्या फरश्या आणून त्याने घरभर बसवल्या होत्या, त्यामुळे एका खोलीत चार रंग, पण सांधा असा की नख अडकणार नाही. बायको एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. मितभाषी, मोजकं हसणारी. एक मुलगी, जिला सगळे बारकी म्हणत. आणि म्हातारी. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर म्हातारी द्यायची.

"गेल्या महिन्यात तुम्ही कामाच्या शोधात होता का?" बाईंनी प्रश्न जसा छापला होता तसा वाचला. प्रत्येकाला तोच प्रश्न, त्याच शब्दांत, असा दंडक होता.

"होते तर!" म्हातारी म्हणाली. "रोज शोधते. ही सून मला एक काम करू देत नाही."

बारकी आजीला चिकटून बसलेली असायची. आजी उसवलेले कपडे शिवायची आणि बारकी सुईत दोरा ओवून द्यायची. दरवर्षी त्याच महिन्यात बाई येत, दरवर्षी बारकी वीतभर वाढलेली असे. "माणसं तीच का?" बाई विचारत. "तीच, फक्त जुनी झाली," म्हातारी म्हणे.

मग फरशीवाल्याचे गुडघे गेले. वर्षानुवर्षं उकिडवं बसून त्यांची वाट लागली होती. काम कमी झालं, बाटली आली, आणि तिच्या पाठोपाठ बाकीचं सगळं. एका फेरीला बाई गेल्या तेव्हा घर शांत होतं. इस्त्रीवालीच्या मनगटावर काळानिळा पट्टा होता. तो बाईंनी पाहिला, आणि बाईंनी पाहिलं हे तिनेही पाहिलं. नवरा समोरच बसला होता. बाई प्रश्न वाचत राहिल्या. एका प्रश्नावर त्या अडखळल्या, तसं इस्त्रीवालीनेच उठून पाणी आणून दिलं.

अशा वेळेसाठी कार्यालयाने मदतीच्या फोन नंबरांचं एक कार्ड दिलेलं होतं; त्यात दवाखान्यापासून पोलिसांपर्यंत सगळे नंबर, म्हणजे कुणाला संशय नको. ते बाई प्रत्येक घरात ठेवत. त्या दिवशी त्यांनी ते तिच्या हातात दिलं आणि हात थोडा जास्त वेळ धरला. नियमात याहून जास्त काही बसत नव्हतं.

पुढच्या वर्षी दार म्हातारीने उघडलं. फरशीवाला भिंतीला टेकून बसला होता.

"घरातली माणसं तीच का?" प्रश्न वाचावाच लागला.

"बायको गेली. पोरीला घेऊन गेली," तो म्हणाला.

"कुठं गेल्या, पत्ता सांगता येईल?"

"माहीत असता तर मी इथं बसलो असतो का?"

म्हातारी त्या दिवशी एकाही प्रश्नाचं उत्तर मध्ये पडून देईना.

चूल वेगळी झाली होती. आता नियमाप्रमाणे दुसरं घर शोधायचं. इस्त्रीवालीने मागे एकदा, घर बदललंच तर ठावठिकाणा कुणाला माहीत असेल या प्रश्नावर, धुलाईखान्यातल्या मैत्रिणीचं नाव दिलं होतं. बाईंनी मैत्रिणीला फोन केला, मैत्रिणीने इस्त्रीवालीला विचारलं, आणि बरेच दिवस गेल्यावर होकार आला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बेकरीच्या वरची खोली होती. जिना पिठाने पांढरा झालेला. इस्त्रीवालीने दार बोटभर उघडलं.

"कुणी पाठवलं तुम्हाला? त्यांनी?"

"कुणी नाही. पहिल्या वर्षी तुमचं नाव यादीत आलं, म्हणून आले."

"माझं का त्यांचं?"

"तुमचंही. तुमचं वेगळं. तुम्ही कुठंही गेलात तरी ते तुमच्याबरोबर येतं."

इस्त्रीवालीने दारावरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "आणि तुम्ही इथं आलात हे त्यांना कळेल?"

"या घरातलं त्या घरात जाणार नाही. माझ्या तोंडून तरी नाही."

दार उघडलं. खोली बेकरीच्या भट्टीने उबदार होती. एक पलंग, एक शेगडी, खिडकीत वाळत घातलेला शाळेचा गणवेश. बाईंनी नवीन घर म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. "कुटुंबप्रमुख कोण?"

इस्त्रीवालीने आधी दाराकडे पाहिलं. तिच्या आयुष्यात हा प्रश्न नेहमी दुसऱ्या कुणाला तरी विचारला गेला होता. पलंगावर अभ्यास करत असलेली बारकी मान वर न करता म्हणाली, "आई. अजून कोण?"

अशी एका घराची दोन घरं झाली, आणि बाई दोन्ही घरांत जाऊ लागल्या. त्याच महिन्यात, आठवड्याच्या अंतराने.

म्हातारीच्या नजरेतून काही सुटत नसे. पुढच्या फेरीला तिने मुलगा बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली आणि बाईंचा पदर धरला.

"तू तिकडे जातेस."

"आजी, मी कुणाकडे जाते ते मला सांगता येत नाही."

"नको सांगूस. मला पत्ता नकोच. माझ्या पोटात राहील, पण तो माझ्या पोटातून काढून घेईल. फक्त एक निरोप ने. सुनेला वाटत असेल मी लेकाच्या बाजूची. तिला सांग, त्या सकाळी दाराची कडी मीच काढून ठेवली होती. तो जागा होऊ नये म्हणून त्याच्या उशाशी बसून होते. एवढंच सांग."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, मला निरोप नेता येत नाही."

"तुला आई आहे का गं?"

"होती."

"मग जा," म्हातारी म्हणाली, आणि पदर सोडला.

बाई थेट कार्यालयात गेल्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगला निरोप आहे हो," बाई म्हणाल्या. "त्याने कुणाचं काय वाईट होणार आहे?"

"हा चांगला आहे. पण आज तुम्ही चांगला निरोप नेलात की उद्या दुसरी कुणी तिला चांगला वाटणारा नेईल. त्या म्हातारीच्या मुलानेही तुम्हाला चांगलाच निरोप दिला असता, 'परत ये, सुधारलोय' म्हणून." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी बरोबर आहे का, ते मला माहीत नाही. पण दोन्ही दारं आपल्याला उघडली जातात ती याच अटीवर. तुम्हाला झेपत नसेल तर एक घर मी दुसऱ्या कुणाला देते. अशा वेळी तसं करतातच."

बाईंनी विचार केला. दुसरी कुणी पिठाचा जिना चढून गेली तर दार उघडलं जाणार नव्हतं. आणि म्हातारीला सोडायचं म्हणजे निरोपापासून पळ काढायचा. "राहू द्या दोन्ही माझ्याकडेच," त्या म्हणाल्या.

त्याच वर्षी त्यांच्या नवऱ्याला डेपोत, बसखाली काम करतानाच अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. ज्या माणसाच्या जिभेला कायम तेल घातलेलं, त्याच्याकडे दोन-तीन शब्द उरले, आणि तेही भलत्या जागी यायचे. पाणी हवं असलं की तो "बस" म्हणायचा. बाई त्याला भरवत, अंग पुसत, आणि दिवसभरातलं काहीबाही सांगत, कुठला रस्ता खोदलाय, कुठं उन्हात पाय भाजले. एका संध्याकाळी त्याला भरवता भरवता म्हातारीची गोष्ट त्यांच्या ओठांवर आली. जगात एकच माणूस असा होता, ज्याला सांगितलं तर ते कधीच बाहेर जाणार नव्हतं. तो त्यांच्याकडे बघत होता. काहीतरी आहे हे त्याला समजलं होतं. बाईंनी चमचा वाटीत ठेवला, पुन्हा उचलला, आणि त्यालाही सांगितलं नाही. रात्रभर त्यांना वाटत राहिलं, हा नियम आहे का नुसता हट्ट?

बारकी मोठी झाली. ठरावीक वय पूर्ण झालं की मुलांचीही वेगळी मुलाखत होते, एकटीची, घरातलं कुणी जवळ नसताना. आई खाली बेकरीत जाऊन बसली. बाईंनी प्रश्न वाचले: शाळा, प्रकृती, पुढे काय करायचंय. मग आला तो प्रश्न.

"तुमच्या घरात राहत नाहीत अशा नातेवाइकांपैकी कुणाशी तुमची भेट होते किंवा बोलणं होतं?"

"नाही." बारकीने मान वर केली. "मावशी, आजी आहे का हो अजून?"

"मला दुसऱ्या कुठल्याही घराबद्दल बोलता येत नाही, बाळ."

"नुसतं हो की नाही."

"नाही बोलता येत."

"ती मेली असती तरी तुम्ही असंच म्हणाला असता?"

"हो," बाई म्हणाल्या. "असंच म्हणाले असते."

बारकीने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंना खुर्चीत बसवेना. "किती कोरड्या आहात हो तुम्ही," ती म्हणाली. "विचारा पुढचा."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. तो झोपेबद्दल होता.

त्यानंतर काय झालं ते बाईंना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बारकी कुणालाही न सांगता, बाप कामावर असेल अशी वेळ साधून, आपल्या जुन्या घरी गेली. वाट तिला पाठ होती. आजी होती. दृष्टी अधू झाली होती, पण पावलावरून ओळखलं तिने. मग पोरगी दर आठवड्याला जाऊ लागली. कडीची गोष्ट तिला आजीच्या तोंडून समजली, आणि तिने ती आईला सांगितली. आईने इस्त्री बाजूला ठेवली आणि कितीतरी वेळ नुसत्या चादरीवरून हात फिरवत राहिली.

पण ज्या वाटेने पोरगी गेली त्याच वाटेने बाप मागे आला. एका दुपारी फरशीवाला बेकरीसमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही, वर आला नाही, नुसता खिडकीकडे बघत उभा राहिला आणि निघून गेला. तेवढं पुरे होतं. आठवड्याच्या आत इस्त्रीवालीने खोली सोडली.

त्या वर्षी मैत्रिणीचा फोन आला. "ती म्हणतेय, आमचं नाव काढा. माझ्याशिवाय पत्ता माहीत असलेलं बाहेरचं माणूस एकच होतं, म्हणते. तुमच्यावर विश्वास ठेवला होता."

 "मी नाही सांगितला" एवढे शब्द बाईंच्या तोंडात होते. पण मग कसा समजला असेल, या प्रश्नाचं उत्तर बारकीकडेच असणार असा त्यांना अंदाज आला, आणि ते सांगणं त्यांचं काम नव्हतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "त्यांची मर्जी. नकार लिहून घेते एवढं सांगा." आणि त्या घरापुढे त्यांनी नकार नोंदवला. मॅडम म्हणाल्या, नकार दिलेल्या घरी वर्षाने एकदा पुन्हा विचारतो आपण. तोवर थांबा.

फरशीवाल्याकडची फेरी त्यानंतरची. त्याने दार उघडलं आणि न विचारताच म्हणाला, "आई गेली."

घरात दुसरं कुणी नव्हतं. फरश्या पुसलेल्या नव्हत्या. बाई बसल्या, आणि जे विचारायचं ते हळू आवाजात विचारलं. कधी गेल्या, कशाने गेल्या. तो सांगत होता.  "ती आली होती," तो म्हणाला. "माझी बायको. पोरगी घेऊन आली तिला. मी दारात होतो. माझ्याशी एक शब्द बोलली नाही, माझ्यासमोरून आत गेली, आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आई बोलत होती तिच्याशी. काय ते ऐकू आलं नाही मला. मी बाहेरच थांबलो." त्याने फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "मी आता पीत नाही, बाई. पण ते सांगायला आता कोण आहे?"

 त्या माणसाने काय केलं होतं ते बाईंना माहीत होतं, आणि तरी त्या क्षणी त्यांना त्याची दया आली.

"घरात आता किती माणसं?" त्यांनी विचारलं.

"एक," तो म्हणाला.

वर्षाने बाईंनी मैत्रिणीला फोन केला. नकाराची तयारी ठेवूनच केला. पलीकडे थोडी कुजबुज झाली आणि मग इस्त्रीवालीचाच आवाज आला. "या, ताई."

नवीन खोली एका शिकवणी वर्गाच्या मागे होती. इस्त्रीवालीने दार पूर्ण उघडलं. केस पांढरे झाले होते. बाई बसल्या, तशी ती समोर बसली आणि म्हणाली, "मी तुमच्यावर आळ घेतला. पोरगी मला सांगत होती, मावशीने काही सांगितलं नाही, मीच जात होते. मी ऐकलं नाही, वाटलं तुम्हाला पाठीशी घालतेय. मग एक दिवस ती चिडून म्हणाली, 'अगं, मी रडकुंडीला येऊन विचारलं, आजी जिवंत आहे का तेवढं सांगा, तर तेही नाही सांगितलं तिने!' तिला तुमचा अजून राग आहे. पण ते ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला."

 "चालायचंच," बाई कशाबशा म्हणाल्या, आणि कागदाऐवजी आता मिळालेला टॅब चालू केला, कारण डोळे कुठेतरी लपवायला हवे होते.

"घरातली माणसं तीच का?"

"आजपुरती तीच. पुढच्या महिन्यात ही जाते," इस्त्रीवाली म्हणाली. "दुसऱ्या शहरात. नर्सिंगला नंबर लागलाय."

बारकी भिंतीला टेकून उभी होती. आता तिला बारकी म्हणवत नव्हतं. "तिथंही येणार का तुम्ही?"

"तिथं दुसऱ्या बाई आहेत. त्या येतील. तुझं घर आता वेगळं."

"त्यांना माहीत असेल का इथलं, आजीचं, बाबांचं?"

"नाही. तू सांगशील तेवढंच."

 मुलीने बाईंच्या हातातून टॅब घेतला आणि वसतिगृहाचा पत्ता स्वतः भरला, शुद्धलेखन तपासत, सावकाश. परत देताना म्हणाली, "मावशी, तुमच्या घरी कोण कोण असतं? इतकी वर्षं तुम्ही विचारताय, आम्ही कधी विचारलंच नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला. स्वतःच्या घराबद्दल सांगू नये असा नियम कुठंच नव्हता.

"नवरा असतो," त्या म्हणाल्या. "त्याला बोलता येत नाही, पण सगळं कळतं. फार विनोदी होता." आणि मग, त्या कामात पहिल्यांदाच, त्या उत्तरं देत बसल्या.